नक्षत्रे आणि हप्ते : देशावरील शेतकरी कुटुंब, १९०० ते १९३०

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांमधील कोरडवाहू शेतकऱ्याचे घर दोन निरनिराळ्या कालगणनांवर चालत होते. पहिली नक्षत्रांची होती : रोहिणीपर्यंत जमीन तयार ठेवावी, मृगाच्या पावसावर खरिपाच्या पेरणीची आशा धरावी, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरावी, असा तिचा क्रम होता आणि तिच्यातील देणेघेणे मुख्यतः धान्याचे, वैरणीचे व श्रमाचे असे. दुसरी कालगणना सरकारी साऱ्याच्या हप्त्यांची आणि सावकाराच्या खतातील मुदतींची होती. तिला पाऊस पडला की नाही याच्याशी फारसे कर्तव्य नसे आणि तिचे देणे रोख रुपयांतच फेडावे लागे. या कुटुंबाचे वर्णन कधी गरजा गावातच भागवणारे समाधानी घर असे केले जाते, तर कधी केवळ कर्जात बुडालेली रयत एवढेच त्याचे चित्र उरते. ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत, कारण त्या घरातील बाईमाणसांचे आणि बाप्यांचे बहुतेक कष्ट या दोन व्यवस्थांची एकमेकींशी सांगड घालण्यात खर्च होत होते, आणि १९०० ते १९३० या तीस वर्षांत ती सांगड उत्तरोत्तर अवघड होत गेली.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात अनेक तालुक्यांना वर्षाकाठी जेमतेम वीस-पंचवीस इंच पाऊस मिळे आणि तोही वेळेवर पडेल याची खात्री नसे. गावाच्या जमिनीचे लोकव्यवहारात दोन भाग मानले जात : वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. पांढरीवरील कुणबी घर बहुधा मातीच्या भिंतींचे आणि धाब्याचे असे, म्हणजे लाकडी तुळयांवर फांद्या अंथरून त्यांवर माती चोपून केलेले सपाट छत त्याला असे. पुढील सोप्यात किंवा त्याला लागूनच बैलांची दावण असे, आत माजघर व चूल, आणि मागे परडे म्हणजे भाजीपाला, कोंबड्या व उकिरडा यांसाठी ठेवलेली मोकळी जागा. माणसे आणि जनावरे एका छताखाली राहत ती केवळ जागेच्या टंचाईमुळे नव्हे. बैलजोडी ही घरातील सर्वांत मोलाची चल मालमत्ता होती आणि रात्री तिच्यावर नजर राहणे आवश्यक होते.

शेतीचे वर्ष लोकांच्या हिशेबात गुढीपाडव्याला सुरू होई. सालगडी, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला नोकर, याच दिवशी ठरे किंवा बदले, आणि उन्हाळ्यात नांगरट, ढेकळे फोडणे, कुळवणी व शेणखत पसरणे ही कामे चालत. मृगाचा पाऊस झाला की हलक्या व मध्यम जमिनीत बाजरी पेरली जाई, परंतु ती एकटी क्वचितच असे. तिच्याबरोबर तूर, मटकी, हुलगा अशी कडधान्ये मिसळलेली किंवा ठराविक ओळींत घातलेली असत. पेरणीचे औजार म्हणजे पाभर : तिच्या माथ्यावरील चाड्यात मुठीने बी सोडले की ते पोकळ नळ्यांतून फणांमागच्या तासात पडे, आणि दुसरे बी निराळ्या ओळीत टाकायचे असल्यास मागे मोघण, म्हणजे एक सुटी नळी, दोरीने बांधून ओढली जाई. चाड्यावर मूठ धरणे हे कौशल्याचे काम मानले जाई, कारण बी दाट पडले तर ओल पुरत नसे आणि विरळ पडले तर जमीन वाया जात असे. भारी काळ्या जमिनीत पावसाळाभर कुळवण्या घालून तण मारले जाई व ओल धरून ठेवली जाई, आणि भाद्रपद-आश्विनात तेथे शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी पेरली जाई. तिच्या कडेने करडईच्या ओळी असत. करडईच्या काट्यांमुळे भटकी जनावरे आत शिरत नसत आणि तिच्या बियांचे तेल स्वयंपाकाला व दिव्याला उपयोगी पडे. एकाच शेतात इतकी पिके घालण्याची ही पद्धत सुधारणावादी अधिकाऱ्यांपैकी काहींना अव्यवस्थित वाटली, तरी तिच्यामागे साधा हिशेब होता : पाऊस लांबला तर बाजरी जाईल पण तूर तग धरील, आणि तूर गेली तरी हुलगा तरी हाती लागेल.

कणसे भरू लागली की पाखरांपासून राखण करावी लागे. शेतात उंच माळा उभारून त्यावरून घरातील पोरेसोरे व म्हातारी माणसे गोफणीने खडे भिरकावीत. काढणी झाल्यावर खळे तयार होई : जमिनीचा एक गोल भाग ठोकून, शेणाने सारवून, मध्ये तिवडा म्हणजे खांब रोवला जाई, त्याभोवती बैलांची पात फिरवून कणसे मळली जात आणि वारा सुटला की उंचावरून धान्य ओतून भुसकट वेगळे केले जाई. ज्या घराला विहीर होती तेथे थोडी बागायत असे आणि पाणी मोटेने निघे. मोट म्हणजे सोंड असलेली चामड्याची मोठी पिशवी. जाड नाडा वरच्या चाकावरून आणि बारीक सोंदर खालच्या कण्यावरून जाई, आणि बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. पहाटेपासून चालणाऱ्या या कामात बैलांना धावेवरून उलटे मागे आणावे लागे. उसासाठी किंवा कांदा-मिरचीसाठी ही मेहनत परवडे, कारण त्यांना बाजारात रोख पैसा मिळे. धान्यासाठी ती क्वचितच परवडत असे.

ही सर्व कामे एका कुटुंबाच्या बळावर होणारी नव्हती. लोखंडी नांगर येण्यापूर्वी भारी जमिनीत जड लाकडी नांगराला तीन-चार किंवा त्याहून अधिक बैलजोड्या लागत आणि सामान्य शेतकऱ्याकडे एकच जोडी असे. म्हणून सावड ही पद्धत रूढ होती : एका घराने दुसऱ्याच्या शेतात माणसे व बैल घालायचे आणि तितकेच काम पुढे परत घ्यायचे. एखाद्या अडलेल्या शेतकऱ्यासाठी अनेकांनी एकाच दिवशी आपापली औजारे घेऊन जावे आणि त्याने सर्वांना जेवण घालावे, याला इर्जिक म्हणत. या व्यवहारात पैसा येत नसला तरी मोजमाप अचूक असे, आणि ज्याच्याकडून सावड फिटली नाही त्याची पत गावात घसरत असे.

याच धान्य-श्रमाच्या व्यवस्थेचा दुसरा भाग म्हणजे बलुते. सुतार औत दुरुस्त करी, लोहार फाळ पाजवी, चांभार मोट शिवी, मांग नाडे व दोर वळी, न्हावी, परीट, कुंभार आपापले काम करीत, आणि त्या सर्वांना वर्षाकाठी खळ्यावर धान्याचा व पेंढ्यांचा ठरलेला हिस्सा मिळे. महाराकडे वेशीवरची राखण, सरकारी निरोप व सारा पोहोचवणे, सीमेच्या खुणा सांगणे, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी न संपणारी कामे असत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेची तपशीलवार व बऱ्याच ठिकाणी टीकात्मक नोंद आहे. कुणब्याच्या दृष्टीने बलुते ही अडीअडचणीची हमी होती, परंतु तिच्यात उतरंड होती : सुताराचा वाटा आदराने मापला जाई, तर गावकुसाबाहेरच्या महार-मांगांना आपला हक्काचा वाटाही खळ्याच्या कडेला उभे राहून मागावा लागे. विहीर, देऊळ आणि पंगत या तिन्ही ठिकाणी त्यांना मज्जाव होता, आणि शेतकरी कुटुंबाची शिवाशिवीची शिस्त त्याच्या नांगर-पाभरीइतकीच रोजच्या जगण्याचा भाग होती.

घरातील पहिले काम स्त्रीचे असे. कोंबडा आरवण्याच्या सुमारास जाते सुरू होई, कारण बाजरीचे पीठ लवकर कडवट होत असल्यामुळे ते फार दिवसांचे दळून ठेवता येत नसे. दोघी समोरासमोर बसून दळीत आणि दळताना ओव्या म्हणत. माहेरची ओढ, भावाची वाट, सासूचा जाच, पंढरीचा विठोबा आणि बैलांचे कौतुक हे या ओव्यांचे विषय होते आणि त्या काळच्या शेतकरी स्त्रीचे स्वतःच्या शब्दांतील म्हणणे मुख्यतः त्यांतच टिकले आहे. त्यानंतर झाडलोट, शेणकूर, पाणी आणणे, भाकऱ्या थापणे आणि न्याहारी डोक्यावर घेऊन शेतात जाणे, तेथे खुरपणी, वेचणी किंवा कापणी करणे, आणि परतताना जळणाचा भारा आणणे असा तिचा दिवस असे. बियाण्याची राखणही बहुधा तिच्याकडे असे : चांगली कणसे निवडून, बी राखेत घोळून मडक्यात तोंड लिंपून ठेवले जाई. मुलींची लग्ने लहानपणीच होत. कुणब्यांत विधवेला पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, मोकळीक होती, मात्र एकत्र कुटुंबाच्या जमिनीत तिला स्वतःचा वाटा नव्हता. सातबाऱ्यासारख्या सरकारी कागदांवर जमीन कसणारा म्हणून पुरुषाचे नाव लागे आणि त्या जमिनीतील निम्म्याहून अधिक हातकाम करणारी व्यक्ती त्या कागदावर दिसत नसे.

रोजचे जेवण म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर कांदा, मिरचीचा ठेचा, कडधान्याचे कालवण किंवा रानातील पालेभाजी, आणि असेल तेव्हा ताक. हुलग्याचे माडगे, म्हणजे पिठाची पातळ पेज, हे थंडीतले व टंचाईतले अन्न होते. गहू, तांदूळ व गूळ सणाला येत. पुरणाची पोळी होळीला व बैलांच्या सणाला होई. हा सण सातारा-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर या नावाने व इतरत्र श्रावणी अमावास्येला पोळा म्हणून पाळला जाई, आणि त्या दिवशी बैलांच्या खांद्यावर जू ठेवले जात नसे. वर्षाचे धान्य कणगीत, म्हणजे शेणामातीने लिंपलेल्या विणीव कोठीत, आणि अधिक असेल तर पेवात, म्हणजे जमिनीत खोल खणून पेंढ्याचे अस्तर लावलेल्या कोठारात, साठवले जाई. मापे पायलीची होती : चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. कपड्यांत पुरुषांचे धोतर, बंडी व मुंडासे आणि स्त्रियांचे लुगडे-चोळी हे आठवडी बाजारातून येई, तर घोंगडे थंडी, पाऊस, बसणे आणि धान्य वाहणे अशा सर्व कामांना पुरे. मीठ, घासलेट, कापड आणि बांगड्या या वस्तूंसाठी रोख पैसा लागे, आणि तो मिळवण्यासाठी बाजाराला धान्य, तूप, अंडी किंवा कोंबड्या न्याव्या लागत.

रोख पैशाची खरी मोठी मागणी मात्र चावडीवरून येई. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या रयतवारी पाहणीत जमिनीचे सर्व्हे नंबर पाडले गेले, मातीचा कस आण्यांत ठरवला गेला आणि तीस वर्षांसाठी सारा कायम केला गेला. पुढे तीस वर्षांनी फेरआकारणी होई. सारा पीक पाहून नव्हे, तर जमीन पाहून ठरलेला असल्यामुळे बऱ्या वर्षी तो हलका वाटे आणि वाईट वर्षी अतिशय जड होई. दुष्काळात पिकाची आणेवारी, म्हणजे सरासरी उत्पन्नाच्या तुलनेत सोळा आण्यांपैकी किती पीक आले याचा अंदाज, काढून वसुली तहकूब किंवा माफ करण्याची तरतूद होती, परंतु तो अंदाज अधिकाऱ्याचा असे आणि त्यावरून गावोगाव तक्रारी होत. हप्त्याची तारीख पीक खळ्यावरून घरी येण्याच्या आसपास असल्यामुळे सर्वांना एकदमच धान्य विकावे लागे आणि भाव पडलेला असे. पुढे आषाढ-श्रावणात तेच धान्य महाग दराने विकत किंवा उसने घ्यावे लागे. सावकाराकडून घेतलेले धान्य सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मुद्दलाच्या सव्वापट किंवा दीडपट, परत करायचे असे.

कर्जाच्या या चक्राचा उद्रेक १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यात झाला होता. तेव्हा शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता आणि ती ठिकठिकाणी जाळली गेली. चौकशी आयोगाने लग्नकार्यांतील उधळपट्टी हेच कर्जाचे मुख्य कारण आहे ही समजूत अतिशयोक्त ठरवली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खतावरील आकड्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, तेव्हा सावकारांनी गहाणाऐवजी शर्तीची खरेदीखते करून घेण्यास सुरुवात केली; कागदोपत्री जमीन विकली गेलेली असे आणि शेतकरी आपल्याच शेतात खंडकरी होऊन राबत असे. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघू लागल्या, तरी या काळात ग्रामीण कर्जाचा फारच थोडा भाग त्यांच्याकडून येत होता. पतपेढीला तारण लागे. सावकार बी-बियाण्यापासून आजारपणापर्यंत कोणत्याही वेळी व कोणत्याही कारणासाठी पैसे देई, आणि त्याची हीच सोय सर्वांत महाग पडत असे.

ज्या पिढीने विसाव्या शतकाची सुरुवात पाहिली तिला आपत्तींची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी दख्खन मोडकळीस आणले. कुटुंबेच्या कुटुंबे खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर गेली. माणसांइतकाच दूरगामी फटका जनावरांच्या मृत्यूने बसला, कारण बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही जमीन वेळेवर पेरता येत नसे आणि नव्या जोडीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागे. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढील अनेक वर्षे खेड्यांत फिरत राहिला. उंदीर मरू लागले की लोक पांढरी सोडून शेतांत झोपड्या घालून राहत. १९१८ साली पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षी आलेल्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे नेली. ती साथ ऐन कमावत्या वयाच्या स्त्री-पुरुषांना अधिक जीवघेणी ठरली, त्यामुळे काढणी-पेरणीच्या दिवसांत घराघरांत हातच उरले नाहीत.

या काळातील शेतकरी घराची स्थिती मोजून पाहण्याचा पहिला काटेकोर प्रयत्न पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी केला. पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की गावातील धारण क्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडील एकूण जमीन, १७७१ च्या सुमारास सरासरी ४० एकर होते, १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१५ पर्यंत सात एकरांच्या आसपास घसरले. प्रत्येक वाटणीच्या वेळी भाऊ एकेक सलग शेत न घेता प्रत्येक शेताचा हिस्सा घेत, कारण कोणाच्या वाट्याला सर्व काळी व कोणाच्या वाट्याला सर्व मुरमाड येऊ नये ही न्यायबुद्धी त्यामागे होती. परिणामी निम्म्याहून अधिक तुकडे एका एकरापेक्षाही लहान झाले होते. मॅन यांच्या हिशेबाप्रमाणे गावातील १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ जमिनीवर नीट राहू शकत होती, २८ कुटुंबांना बाहेरची मजुरी जोडून भागवता येत होते आणि उरलेल्या ६७ कुटुंबांचे ते करूनही भागत नव्हते. पुण्यापासून दूर असलेल्या जातेगाव बुद्रुक येथील, १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत अशा न भागणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. पहिल्या गावाला खडकीच्या दारूगोळा कारखान्याची नोकरी जवळ होती. दुसऱ्या गावाला तसा आधार नव्हता.

म्हणूनच घरातील एक माणूस बाहेर पाठवणे हा या काळात कुटुंबाच्या शेतीचाच भाग झाला. साताऱ्याकडील तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात पलटणीत गेले. त्यांच्या मनिऑर्डरीतून सारा भरला जाई, बैल घेतला जाई किंवा गहाण जमीन सोडवली जाई. पेरणीला आणि गावच्या जत्रेला ते परतत आणि त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रे, नवे कपडे व नव्या कल्पना येत. खेड्यातही बदल होत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो खपत नव्हता. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसल्यानंतर हळूहळू तो रुळला आणि भारी जमीन कमी बैलांत नांगरता येऊ लागली. त्याच वर्षी मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक वृत्तपत्र खेड्यातून चालवण्यास सुरुवात केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. परंतु गुरे राखणारा दहा वर्षांचा मुलगा शाळेत बसवला तर त्याचे काम कोणी करायचे, हा प्रश्न फी माफ झाल्याने सुटत नव्हता.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा तीस वर्षांत काय घडले होते ते स्पष्ट झाले. सारा आणि कर्ज रुपयांत ठरलेले असल्यामुळे तेवढेच देणे फेडण्यासाठी पूर्वीच्या दुप्पट धान्य विकावे लागू लागले, आणि पाऊसपाणी चांगले झालेल्या वर्षीही घर तोट्यात जाऊ शकते असा अनुभव आला. धान्य-श्रमाच्या जुन्या व्यवस्थेत अपयशाचे कारण आभाळात असे. आता ते दूरच्या बाजारात होते आणि त्यावर सावड किंवा इर्जिक यांचा इलाज चालत नव्हता. पुढील दोन दशकांत कर्जनिवारण, सावकारी नियंत्रण, तुकडेबंदी आणि कूळ यांविषयीचे कायदे याच अनुभवातून आले.

तरीही रोख व्यवहाराच्या या विजयाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहता येत नाही, कारण खळ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ एकच नव्हता. लहान कुणब्याच्या हातून ज्या प्रक्रियेने जमीन गेली, तिनेच महाराला गिरणीत, रेल्वेत आणि पलटणीत कामाच्या मोबदल्यात हाती मोजून पैसे मिळण्याची वाट दाखवली, आणि बलुत्याच्या पेंढीसाठी चोवीस तास बांधलेले राहणे हे नशीब नसून अन्याय आहे हे म्हणण्याचे बळही त्यातूनच आले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा आग्रह नेमका हाच होता की महारांच्या सरकारी चाकरीचा मोबदला निश्चित असावा आणि तिची जबाबदारी सरकारने घ्यावी; कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. जुन्या शेतकरी घराच्या स्थैर्याचा हिशेब मांडताना त्या घराला फुकट किंवा अल्प मोलात मिळणारे हे श्रम, आणि त्याच्याच स्त्रियांचे कागदावर न आलेले श्रम, जमेच्या बाजूला धरल्याशिवाय तो हिशेब जुळत नाही.